प्रतिसाद: रॅटलाइन्स आणि आत ओढले जाणारे श्राउड्स

तुम्ही लिहिलंय की तुमच्या जहाजाच्या मॉडेलवर रॅटलाइन्स (दोरांच्या आडव्या पायऱ्या) बांधल्यावर श्राउड्स (डोलकाठीला बाजूने आधार देणारे दोर) मधोमध आत खेचले गेले, डमरूसारखे. माझ्या 'ट्रिंकोमाली' या शिडाच्या जहाजाच्या मॉडेलचंही हेच झालं होतं. दोरांची एक अख्खी बाजू कापून टाकली, दोन रविवार गेले.

गाठ घट्ट हवी, पण दोन गाठींमधला दोरा ताणायचा नाही. किंचित सैलच सोडा. जाड कागदावर रेघा आखून तो श्राउड्सच्या मागे लावा. खऱ्या जहाजावर दोन पायऱ्यांत साधारण तेरा-चौदा इंच अंतर असतं, म्हणजे १:६४ मापाच्या मॉडेलला सव्वापाच-साडेपाच मिलिमीटर. गाठी डोळ्यांच्या अंदाजाने मारल्या की हमखास तिरक्या जातात. कडेच्या श्राउडऐवजी मधल्यापासून सुरुवात केलेली बरी. गाठीवर पाणी घातलेल्या फेविकॉलचा ठिपका पुरतो. इन्स्टंट ग्लूने दोरा काचेसारखा कडक आणि चकचकीत होतो.

दोऱ्याला तूस येत असेल तर सुती सोडून पॉलिएस्टर घ्या आणि मधमाशांच्या मेणावरून दोनदा ओढा. डोलकाठीला आधार देणारे दोर डांबर लावलेले, म्हणून काळपट. शिडं आणि परबाणं (शिडं बांधायचे आडवे वासे) हलवणारे फिकट.

लाकडाबद्दल: खरं 'ट्रिंकोमाली' १८१७ साली मुंबईत जहाजबांधणी करणाऱ्या वाडियांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलं, आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला उभं आहे. म्हणून मीही हौसेने सागच घेतला. चूक! त्याच्या रेषा या मापाला फार ठळक दिसतात. हळदूचं लाकूड वापरा.

परबाणं मात्र इतक्यात चढवू नका, रॅटलाइन्स बांधायला हात आत जाणार नाही.