प्रतिसाद: डिस्प्लेवरचं अ‍ॅव्हरेज आणि खरं अ‍ॅव्हरेज

वर विचारलंय की गाडीचा डिस्प्ले लिटरला १७-१८ किमी अ‍ॅव्हरेज दाखवतो पण खिशाला तसं जाणवत नाही, तर माझंही सेम होतं. शेवटी टाकी टू टाकी मोजायला लागलो. नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबायचं, "साहेब राउंड फिगर करू का" म्हटलं की नाही म्हणायचं, ट्रिप मीटर झिरो, आणि पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तसंच कटपर्यंत भरायचं. मागच्या खेपेला ४१२ किमी झाले, २६.१ लिटर बसलं म्हणजे १५.८, आणि डिस्प्ले म्हणत होता १७.४! एका टाकीवर जाऊ नका, चार-पाच टाक्यांची बेरीज करून भागा.

घाटात न्यूट्रल करून उतरणाऱ्यांना मात्र हात जोडून विनंती, नका करू. फ्युएल इंजेक्शनवाल्या (कॉम्प्युटर मोजून पेट्रोल सोडतो अशा) गाडीत गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की पेट्रोल बंदच होतं, चाकंच इंजिन फिरवतात, उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला थोडं थोडं पेट्रोल जातच राहतं आणि ब्रेक तापतात ते वेगळंच.

टायरची हवा गाडी थंड असताना बघा, आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. आमचा हवावाला सगळ्यांना ३५ मारतो, स्विफ्ट असो की टेम्पो 😄

आणि हो, ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मुळे अ‍ॅव्हरेज थोडं कमी होणारच, इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते.