'उत्तेजन' दिल्यावर मोटरचा करंट कमी कसा काय होतो?

भाच्याचा डिप्लोमाचा पेपर जवळ आलाय, त्याच्या मराठी नोट्स वाचून दाखवत होते. त्यात वाक्य असं, 'क्षेत्र उत्तेजन वाढवत नेल्यास समकालिक चलित्राचा प्रवाह आधी घटतो व मग वाढतो.' मी शाळेत मराठी शिकवते, मला उत्तेजन म्हटलं की गॅदरिंगचं उत्तेजनार्थ बक्षीसच दिसतं. उत्तेजन दिलं की माणूस जोमाने पळतो, इथे प्रवाह घटतो म्हणे. शब्द चुकलाय की माझं डोकं?

---

डोकं ठीक आहे ताई, शब्द फसवतोय. सिंक्रोनस मोटर, म्हणजे तुमचं समकालिक चलित्र, एक्सायटेशनने म्हणजे उत्तेजनाने जोरात पळत नाही, ५० हर्ट्झवर ४ पोलची (चुंबकी ध्रुवांची) असेल तर १५०० आरपीएम म्हणजे १५००च, फील्ड वाढवा नाहीतर कमी करा. आम्ही प्लांटमध्ये उत्तेजन सोडा, एक्सायटेशनसुद्धा क्वचित म्हणतो, सरळ 'फील्ड वाढव' म्हणतो, म्हणजे रोटरच्या गुंडाळीतला डीसी करंट वाढव.

आता प्रवाह का घटतो ते. मोटरच्या आत चुंबकत्व किती लागणार ते लाइनचं व्होल्टेज ठरवतं, तो आकडा जवळपास ठरलेला. घरात जेवढं दूध लागतं तेवढं लागतंच तसं. फील्ड कमी असलं की राहिलेलं चुंबकत्व मोटर लाइनकडून उसनं घेते, त्यासाठी जादा करंट ओढते आणि तो व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो, हे लॅगिंग. फील्ड बरोबर पुरेल एवढं केलं की उसनवारी बंद, करंट सगळ्यात कमी आणि पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी कामी येणारा वाटा, १. त्याच्याही पुढे वाढवलं की आता चुंबकत्व जास्त झालं, ते मारायला पुन्हा जादा करंट, पण हा व्होल्टेजच्या पुढे, लीडिंग. समजा त्याच लोडला पॉवर फॅक्टर १ असताना ५० अँपिअर लागतात, तर ०.८ ला ६२.५ लागणार, मग ते ०.८ लॅगिंग असो की लीडिंग, अँमीटरला फरक कळत नाही. फील्ड आणि करंटचा आलेख इंग्रजी व्ही सारखा येतो म्हणून व्ही कर्व्ह. आणि फील्ड फारच कमी केलं तर लोड सांभाळता न येऊन मोटर सिंक्रोनिझममधून सुटते, म्हणजे तो ठरलेला वेग सोडते, तो प्रकार बघवत नाही.

---

दादांचं बरोबर, पण उत्तेजनवर एवढा राग नको. उद् + तिज्, तिज् म्हणजे धार लावणं, तीक्ष्णही त्यातलाच. निपचित पडलेल्या लोखंडाला चुंबकत्वाची धार आणणं या अर्थी शब्द चालतो. गोंधळ होतो कारण अणूच्या 'उत्तेजित अवस्थे'लाही आपण तोच शब्द लावतो. मला विचाराल तर इथे 'चुंबकन' हवं होतं, 'अतिउत्तेजित चलित्र' वाचून पोलिसांना बोलवावंसं वाटतं. लॅगिंगला मात्र पश्चगामी नको, वरचं 'रेंगाळतो' झकास आहे.

---

चुंबकन ठीक आहे पण पोराला परीक्षेत नोट्समधलाच शब्द लिहू द्या काका, मार्क जातील. आणि त्याला एक सांगून ठेवा, ओव्हर एक्सायटेड म्हणजे लीडिंग हे मोटरचं झालं, अल्टरनेटर म्हणजे वीज तयार करणारं यंत्र ओव्हर एक्साइट केलं तर त्याचा पॉवर फॅक्टर लॅगिंग धरतात, आमच्या वर्गात निम्मे तिथेच आपटले होते.

---

आत्ता कळलं, उसनवारीवरून भाच्यालाही कळलं. पुढच्या पानावर 'समकालिक कंडेन्सर' आहे, हा पंख्याचा कंडेन्सर का?

---

नाव तेच ताई, वस्तू आणि काम वेगळं. पंख्यातला तो डबीएवढा कपॅसिटर, आपण सवयीने कंडेन्सर म्हणतो. हा म्हणजे अख्खी सिंक्रोनस मोटर, शाफ्टला लोड काही नाही, फील्ड मुद्दाम जास्त ठेवून नुसती फिरवायची, ती लीडिंग करंट घेते आणि बाकीच्या इंडक्शन मोटरींचं लॅगिंग भरून निघतं. एसीच्या बाहेरच्या युनिटमधला कंडेन्सर तिसराच, त्याचा इथे संबंध नाही, तो भाच्याला आत्ता सांगू नका.