‘राग येणे’ की ‘रागावणे’? बायबलमधले रागाचे शब्द आणि अंतःकरण

विचारणा
मराठी बायबलमध्ये राग, क्रोध, संताप, कोप हे शब्द आलटून पालटून दिसतात. ते समानार्थी धरायचे का? आणि ‘रागावरून अंतःकरण कळते’ असे प्रवचनांत सांगतात, त्याला शब्दांचा काही आधार आहे का?

प्रतिसाद १
नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, मूळ ग्रीक शब्द मुख्यतः दोन: ‘थुमॉस’ म्हणजे उसळून आलेला भडका आणि ‘ऑर्गे’ म्हणजे बहुधा मनात ठाण मांडून बसलेला राग. मात्र ही काटेकोर विभागणी नाही, लेखक दोन्ही शब्द एकमेकांच्या जागीही वापरतात. ‘इफिसकरांस’ या पत्राच्या ४:३१ मध्ये (अध्याय ४, वचन ३१) दोन्ही शेजारी आहेत आणि तिथला क्रम पाहण्याजोगा आहे: आधी कडूपणा, मग संताप आणि क्रोध, मग आरडाओरडा, निंदा. आवाज बराच नंतर चढतो. तो खाली आणला की राग संपला असे मानणारा माणूस कडूपणाला हातच लावत नाही.

प्रतिसाद २
जुन्या करारातला, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागातला, ‘अफ’ राहिला. या हिब्रू शब्दाचा अर्थ नाक आणि रागही. ‘नाकावर राग’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही! निर्गम ३४:६ मध्ये देवाला ‘एरेख अप्पायिम’ म्हटले आहे, शब्दशः ‘लांब नाकाचा’. मराठी भाषांतरात त्यासाठी ‘मंदक्रोध’ हा फार सुंदर शब्द आहे. मंदक्रोध म्हणजे कधीच न रागावणारा नव्हे, राग यायला वेळ लागणारा. ‘राग गिळणे’ वेगळे. गिळलेल्या रागाची अढी होते, अढीचा डूख होतो. अपराध पोटात घालणे ही क्षमा, राग पोटात ठेवणे ही साठवण.

प्रतिसाद ३
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला ‘राग’ शब्दातच दिसते. संस्कृतात ‘रञ्ज्’ म्हणजे रंगणे. त्यावरून राग म्हणजे रंग, ओढ, आसक्ती. ‘अनुराग’ आणि ‘राग-द्वेष’ यांत तो अर्थ अजून आहे. मराठीत मात्र तोच शब्द क्रोधाचा झाला. बायबलचा हिब्रूशी संबंध आहे, संस्कृतशी नाही, त्यामुळे हा पुरावा नव्हे. पण वाचताना दोन्ही अर्थ जवळ ठेवावेत.

योना ४ घ्या. योना हा संदेष्टा. निनवे या नगराचा नाश देवाने टाळला म्हणून तो संतापतो आणि देव विचारतो, हे तुझे रागावणे योग्य आहे का? पुढे सावलीचे झाड वाळते, योना पुन्हा संतापतो, देव पुन्हा तेच विचारतो, आता झाडावरून. दुसऱ्यांदा विचारल्यावर मन उघडे पडते: एका झाडासाठी जीव तुटतो, एका लाखाहून अधिक माणसांच्या नगरासाठी नाही. त्याचा राग त्याच्या आसक्तीच्या मापाने पेटतो. लूक १५:२८ मध्ये, उधळ्या पुत्राच्या दाखल्यात, धाकटा परतल्यावर बाप मेजवानी देतो तेव्हा थोरला भाऊही रागावून घरात जात नाही, आणि पुढच्याच वाक्यात बापापुढे चाकरीचा हिशेब मांडतो. मुलगा म्हणून राहिला, पण मनात मजुरी मोजत होता.

अंतःकरण म्हणजे केवळ भावना नव्हे. हिब्रू ‘लेव’मध्ये विचार आणि निश्चयही येतो. आपल्या ‘अंतःकरण’ शब्दातही मन, बुद्धी, अहंकार सामावतात, म्हणून तो इथे ‘हृदय’पेक्षा नेमका बसतो.

प्रतिसाद ४
व्याकरणाचीही एक गोष्ट. ‘मला राग आला’ यात कर्ता राग, माणूस नुसता सोसणारा. ‘मी रागावलो’ यात जबाबदारी माझी. पापाची कबुली देताना दुसरी रचना वापरावी. मार्क ७:२१ मध्ये येशू म्हणतो की वाईट विचार आतून, अंतःकरणातून निघतात. तिथल्या यादीत राग नाही, खून आहे. पण मत्तय ५:२१-२२ खुनाचा माग रागापर्यंत नेते.

स्वतःच्या रागाची तपासणी करताना ‘कोणावर रागावलो’ इथे थांबू नये, तिथे नेहमी समोरच्याचीच चूक सापडते. पुढे विचारावे: काय हिरावले जाईल असे वाटले? मान, हक्क, सोय, की दुसऱ्याला मिळायचा न्याय? उत्तर एका नामात लिहावे. मग इफिसकरांस ४:२६ ची मुदत, सूर्य मावळण्याआधी. समोरच्याचे मन आपल्यामुळे दुखावले असेल तर मत्तय ५:२३-२४ प्रमाणे अर्पण वेदीपाशी ठेवून आधी समेट.

विचारणाऱ्याचा पुढचा प्रश्न
मग येशूचा राग? ‘पवित्र राग’ म्हणून सगळेच त्याचा आधार घेतात.

प्रतिसाद ३
मार्क ३:५ पूर्ण वाचावे. शब्बाथ या विश्रांतीच्या दिवशी येशू कोणाला बरे करतो का, हे दोष लावण्यासाठी काही जण टपून पाहत असतात. येशू रागाने सभोवार पाहतो आणि त्याच वाक्यात त्यांच्या मनाच्या कठीणपणामुळे दुःखी होतो. लगेच वाळलेल्या हाताच्या माणसाला बरे करतो. ज्यांच्यावर राग, त्यांच्याचसाठी दुःख. आपल्या रागात हे दुःख नसेल तर त्याला ‘पवित्र’ हे विशेषण लावू नये, साधे ‘संताप’ म्हणावे.