शब्दचर्चा: डब्यावर ‘अन्नदान’ लिहावं की ‘मुष्टिफंड’?

येरळाकाठ:
तासगाव तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बायकांनी घरटी रोज मूठभर ज्वारी बाजूला काढायचं ठरवलंय. ती एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना द्यायची. डब्यावर काय लिहायचं यावर एकमत होईना. अन्नदान, शिधा, धान्यबँक, मुष्टिफंड असे चार शब्द पुढे आलेत. ‘मुष्टी’ची वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, तेही सांगा.

माणदेशी:
वेलांटी आधी उरकू. सुटा शब्द ‘मुष्टी’ दीर्घ, पण समासात पहिलं पद आलं की मूळची ऱ्हस्व: मुष्टिफंड. कवी आणि कविवर्य, तसंच.
शब्द आपल्याच मातीतला आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथल्या पोरांसाठी बायका घरोघरी मूठभर धान्य वेगळं काढून ठेवत, तो हा मुष्टिफंड. अर्धा संस्कृत, अर्धा इंग्रजी. सोवळ्या व्याकरणाला खपणार नाही, पण त्यावर पंगती उठल्या.

मापटं:
शब्द सुंदर, पण ‘मूठ’ हे माप म्हणून लबाड आहे. मूठ म्हणजे मिटलेला हात, पसा म्हणजे एका तळव्याचा खोलगा, ओंजळ दोन्ही हातांची. (पसायदानातला ‘पसाय’ म्हणजे प्रसाद. त्याचा या पशाशी संबंध नाही, तरी दरवेळी कोणीतरी जोडतंच.) ज्वारीची मूठ साधारण 40 ते 50 ग्रॅम भरते. 50 धरली तर घरटी महिन्याला दीड किलो, 60 घरांचे 90 किलो. दर घराला 10 किलो द्यायचे तर नऊच घरं होतात. यादी पंचवीस जणांची करून बसाल तर तिसऱ्या महिन्याला तोंड लपवावं लागेल.

हात लहानमोठे असतात, म्हणून सगळ्या घरांना एकाच मापाची वाटी द्या. गोळा करताना मात्र तराजूच. आपल्याकडची जुनी मापं (दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली) आकारमानाची आहेत, वजनाची नाहीत. एकच पायली ज्वारीची आणि तांदळाची वेगवेगळ्या वजनाची भरते. वहीत एकीनं पायल्या आणि दुसरीनं किलो लिहिले की हिशेब कधीच जुळत नाही, आणि मग विनाकारण संशय येतो.

धान्य एकत्र करतानाच खरा घोळ होतो. एका घरची ज्वारी ओलसर असली किंवा तिला सोंडे लागलेले असले तर महिन्याभरात सगळं पोतं जातं. दाताखाली दाणा कट्कन फुटला तर सुका, चेपला तर उन्हात टाका. ज्वारी आणि तांदूळ एका पिशवीत घेऊ नका, निवडायला कोणी बसत नाही. आणि देणाऱ्या बाईला विचाराच: ज्वारीला बोरिक पावडर चोळलीय का? डब्यात पाऱ्याच्या गोळ्या टाकल्यात का? गोळ्यांतलं धान्य घेऊच नका. पावडरीचंही शक्यतो नको. जिला नजरेनं धडपणे दिसत नाही अशा म्हातारीला ‘नीट धुऊन घ्या’ सांगून भागत नाही.

कृष्णाकाठ:
‘शिधा’ माझ्या मते जास्त नेमका. शिधा म्हणजे कोरडं, न शिजवलेलं. शिजवून बांधून दिली ती शिदोरी. घरोघरी फिरून मागितलेलं शिजलेलं अन्न ती माधुकरी. रूप सांभाळा: शिध्यात, शिध्याचा. ‘शिधात’ नव्हे.
2022 च्या दिवाळीत सरकारच्या ‘आनंदाचा शिधा’नं हा शब्द परत तोंडी आणला. 100 रुपयांत रवा, साखर, हरभरा डाळ किलो किलो आणि एक लिटर पामतेल. तेव्हापासून शिधा म्हटलं की लोक पिशवीच्या रांगेत उभे राहिल्यागत बघतात, एवढाच तोटा.

येरळाकाठ:
लग्नकार्यात उरलेलं जेवणही आणायचा विचार आहे. त्याला ‘उरलेलं’ म्हटलं की घेणाऱ्याला ओशाळल्यासारखं होतं.

कृष्णाकाठ:
मराठीनं इथं चार खण आधीच पाडून ठेवलेत. पातेल्यात राहिलं, पंगतीत वाढलंच नाही, ते उरलेलं. ताटात वाढून तोंड लागलं ते उष्टं. भांड्याला-ताटाला चिकटलेलं खरकटं. रात्र उलटून गेलेलं शिळं. फक्त पहिलं घ्यायचं. आचाऱ्याला ‘जेवण आहे का?’ विचारू नका, ‘न वाढलेलं पातेलं किती?’ विचारा. भात आणि आमटी कोमट झाली की नासायला लागते, तेव्हा वाफाळती असतानाच उचला आणि दोन तासांत वाढा. दही, रायतं, मठ्ठा सोडून द्या. झाकण घट्ट लावून भात टेम्पोत तासभर ठेवला की खाली पाणी सुटतं आणि आंबूस वास येतो. फलकावर ‘न वाढलेलं जेवण’ लिहा. ‘शिल्लक’ हा वाण्याच्या वहीतला शब्द.

खटावचा:
‘अन्नदान’ मात्र नको. दानात पुण्य देणाऱ्याच्या पदरात आणि मान खाली घेणाऱ्याची. ‘अन्नछत्र’ही तसंच (संस्कृतात ‘सत्र’, आपण त्याची छत्री केली).
‘अन्नन्याय’ असा नवा शब्द काहीजण वापरतात. पण तो अर्थ रेशन दुकानाच्या पाटीवर पूर्वीपासून आहे: रास्त भाव दुकान. रास्त म्हणजे न्याय्य, फारशीतून आलेला. पुढं त्याचं ‘स्वस्त धान्य’ झालं आणि जानेवारी 2023 पासून ‘मोफत’. न्याय्यचं स्वस्त, स्वस्तचं फुकट! म्हाताऱ्या अजून ‘कंट्रोल’च म्हणतात, तोच बरा.
तसंच ‘लाभार्थी’. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबात माणशी महिना 5 किलो आणि अंत्योदय कार्डाला 35 किलो हा हक्क दिलाय, म्हणून ‘हक्कदार’ म्हणा. माणशी 5 किलो म्हणजे दिवसाला साधारण 166 ग्रॅम, जेमतेम दोन भाकरींपुरतं. एकट्या म्हातारीला अंत्योदय आहे की प्राधान्य, यावर तिचा महिना ठरतो. म्हणून तुमची यादी करताना आधी कार्ड बघा आणि पावतीवरचे किलो पिशवीतल्या किलोशी ताडा. जिथं पावतीच निघत नाही तिथं मुठी गोळा करण्याआधी तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज करा.

माणदेशी:
यादीवरून आठवलं. ‘उपाशी राहता का?’ असं विचारलं तर माणदेशात कोणी हो म्हणणार नाही. उपास आणि उपासमार यांच्यामधला शब्द आहे ‘अर्धपोटी’, पण तोही स्वतःबद्दल कोणी वापरत नाही. ‘काल राती भाकरीसंगं कोरड्यास (कालवण, भाजी) काय होतं?’ असं विचारा. ‘चटणी’ असं आठवड्यात तीन-चारदा आलं तर ते घर यादीत घ्या. ‘माडगं’ आलं तर घाई करू नका, हुलग्याचं माडगं हौसेनंही पितात.

येरळाकाठ:
म्हणजे डब्यावर ‘मुष्टिफंड’, पिशवीवर ‘शिधा’ आणि टेम्पोवर ‘न वाढलेलं जेवण’. वहीत लाभार्थी खोडून हक्कदार. वाटीचं माप कोणतं घ्यायचं ते राहिलं.

मापटं:
चहाचा छोटा स्टीलचा पेला घ्या. ज्वारी भरून काठोकाठ सपाट करून तोला. 50 ग्रॅमपेक्षा जास्त भरली तर 50 ग्रॅमला बाहेरून रंगाची रेघ मारू नका, आतून खूण करा. नाहीतर प्रत्येकजण रेघ आपापल्या बाजूनं वाचतो.