नियतकालिकांच्या बांधणीचं वेळापत्रक कसं लावावं?

शेल्फवाचक: ग्रंथालयात २५ मासिकं, १० त्रैमासिकं, ५ साप्ताहिकं येतात. तीन वर्षांचे अंक सुटेच आहेत. यंदा ६० खंडांपलीकडे बांधणीला पैसे नाहीत. आधी काय पाठवू आणि कधी?

जुजबंदी: सगळ्यांना जुजबंदीच करून घ्या, म्हणजे घड्यांतून दोरा घालून शिवण. मधोमध पिना असलेले अंक पिना काढून घडीतून शिवता येतात, खंड सपाट उघडतो. कडेने टोचून शिवलेला खंड झेरॉक्सच्या काचेवर दाबला की कणा फुटतो. खर्च वाढेल, पण वाढू द्या.

अंकमोजणी: पैसे ६० खंडांचेच आहेत हो. आधी अंक क्रमाने लावा, प्रत्येकाची पानं तपासा, पुरवण्या कुठे बसवायच्या ते ठरवा. वार्षिक सूची बऱ्याचदा पुढच्या वर्षाच्या अंकासोबत येते, म्हणून वर्ष संपल्यावर दोन-तीन महिने थांबा. न आलेला अंक लगेच मागवा, उशीर केलात तर प्रकाशकाकडेही शिल्लक नसतो.

पुठ्ठा_पक्का: जाडी पाच सेंटिमीटरच्या आत ठेवा. जाड खंड उभा ठेवला की आतली पानं वजनाने खाली ओढली जातात आणि पुठ्ठ्यापासून सुटतात. गुळगुळीत कागदाची मासिकं सहा-सहा महिन्यांचीच बांधा.

खळवाटी: खळीत मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) घालायला सांगा, कसर लागत नाही.

जुजबंदी: मोरचूद नको! तांब्यामुळे कागद तपकिरी आणि ठिसूळ होतो. कपाट कोरडं ठेवा.

खळवाटी: नुसत्या खळीवर झुरळं येतात, कणा कुरतडतात. बाकी जुजबंदीच करा, हे मात्र खरं.

अंकमोजणी: विषय वेळापत्रकाचा आहे. तिमाहीला १५ खंडांचा गठ्ठा द्या, चालू वर्ष वाचकांसाठी सुटंच ठेवा. प्रत्येक खंडात चिठ्ठी हवी: नाव, खंड क्रमांक, वर्ष, पहिला व शेवटचा अंक, नसलेला अंक, कापडाचा रंग. आधीच्या खंडाच्या कण्यावर कागद धरून पेन्सिल घासा आणि तो ठसा सोबत द्या. अक्षरं त्याच उंचीवर येतात, फळीवर ओळ जुळते.

पुठ्ठा_पक्का: चिठ्ठीवर कटिंगचंही लिहा, तीन मिलिमीटरहून जास्त नको. घडीचा नकाशा असेल तर तिथे खूण करा. घडी बाहेरच्या कडेपर्यंत आलेली असते, कटिंगमध्ये तीच कापली जाते आणि नकाशाचे तुकडे होतात.

पानपलटी: साप्ताहिकं सर्वांत आधी. तो कागद लवकर फाटतो. १३ अंकांचा एक खंड.

अंकमोजणी: हो, साप्ताहिकंच आधी.

शेल्फवाचक: हिशोब केला. १३ अंकांप्रमाणे पाच साप्ताहिकांचे तीन वर्षांचे ६० खंड होतात, म्हणजे सगळे पैसे तिथेच जातात. ती यंदा बांधत नाही, झाकणाच्या पेट्यांत आडवी ठेवते. पातळ अशी १५ मासिकं निवडली आहेत, सर्वांत जुन्या वर्षापासून दर तिमाहीला एकेक वर्ष. चौथ्या गठ्ठ्यात त्रैमासिकांची जुनी दोन वर्षं मिळून एकेक, असे १० खंड. उरलेले ५ उशिरा पूर्ण होणाऱ्यांसाठी. आतला समास दीड सेंटिमीटरहून कमी असेल तिथेच जुजबंदी, बाकी कडेची शिलाई. मोरचूद नाही.

जुजबंदी: कडेच्या शिलाईचं पुन्हा बघा.