मदत हवी आहे: गाडी घाटात गरम होते, कूलंट कमी होतोय पण गळती कुठेच दिसत नाही

चिंचवडचा_वाटसरू

नमस्कार मंडळी. गाडी २००८ ची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलेंडर, लाखाच्या बरीच पुढे पळालेली. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, नाहीतर "ती घेतलीच कशाला" यावरच धागा शंभरी गाठेल.

त्रास असा आहे की शहरात काहीच होत नाही, सिग्नलला पंखा लागतो, बंद होतो, टेंपरेचरचा काटा मध्यावर. पण सासरवाडी पाचगणीला, त्यामुळे जाणं येणं असतंच, खंबाटकी कशीबशी चढते आणि वाई सोडून पसरणी घाट लागला की अर्ध्यात काटा वर सरकायला लागतो, एसी बंद केला की जरा खाली येतो, परत वर. मागच्या वेळी बाजूला घेऊन बोनेट उघडून उभा होतो तर एका टेम्पोवाल्याने सांगितलं हीटर फुल्ल लावा, इंजिनची उष्णता निघेल. लावला, तर हीटरमधून थंडगार हवा!

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढलं तर कूलंट पार खाली गेलेला, आणि शेजारची जादा कूलंटची बाटली मात्र फुल्ल मार्कला. हे गणितच कळेना. पार्किंगमध्ये फरशीवर एक थेंब नाही. ऑइल बघितलं, दुधाळ वगैरे नाही. धूर सकाळी थोडा पांढरा, पावसाळ्यात सगळ्यांच्याच गाडीला येतो तेवढा.

आमचा मिस्त्री म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलं, हेड उतरवून फेसिंग करू, म्हणजे घासून सपाट, वीसेक हजार धरून चाला. दुसरा म्हणतो थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरची वाट उघडून देणारा व्हॉल्व्ह) काढून फेका, आपल्या हवेत तो लागतच नाही. हेड उतरवायच्या आधी खात्री करायचा काही मार्ग आहे का? (आणि विषय वेगळा आहे पण पावसात पुढची काच आतून सारखी धुकटते, फडक्याने पुसली तर तेलकट ओरखडे राहतात, त्यावर काय लावता?)

स्पॅनरबाबा

आधी बाटलीचं गणित. गरम झाला की कूलंट फुगतो, झाकणातली स्प्रिंग ठरलेल्या दाबाला उघडते (झाकणावरच ०.९ किंवा १.१ असं छापलेलं असतं, बारमध्ये) आणि जास्तीचा बाटलीत जातो. गार होताना आत व्हॅक्यूम होतो आणि तोच परत ओढला जातो. आता सिस्टीममध्ये कुठे बारीक गळती असेल किंवा झाकणाचं खालचं रबर गेलं असेल तर बाटलीतून ओढण्याऐवजी तिथून हवा ओढली जाते. म्हणून बाटली फुल्ल, रेडिएटर रिकामा. बाटली बघून निर्धास्त राहणारे असेच फसतात, थंड गाडीत झाकण उघडूनच बघायचं. आणि थंड म्हणजे थंड, गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही, तोंड भाजून घेतलेली माणसं बघितली आहेत.

झाकण का महत्त्वाचं ते पण सांगतो. साधं पाणी एक बार जादा दाबाखाली १२० डिग्रीला उकळतं. दाब धरला नाही तर शंभरला, आणि तुमच्या पाचगणीच्या उंचीवर त्याच्याही चारेक डिग्री आधी. शेदीडशे रुपयांचं झाकण, पहिलं ते बदला.

थर्मोस्टॅट काढायला सांगणाऱ्याकडे परत जाऊ नका. साधारण ८२ ते ८८ ला उघडायला लागतो तो, काढला तर इंजिन धड तापत नाही आणि पेट्रोल जास्त पितं. अडकला आहे का ते बघायचं असेल तर काटा वर असताना रेडिएटरचा वरचा होज पाइप गरम आहे का बघा, दुरूनच, फडकं घेऊन; थंडच असेल तर अडकलाय.

जाता_जाता

आमच्या गावच्या जीपवाल्याने रेडिएटरमध्ये हळद टाकलेली, गळती बंद 😄

स्पॅनरबाबा

@जाता_जाता गळती बंद आणि हीटरच्या बारीक नळ्या पण बंद. जंगलात अडकलात तर टाका बापडे, घरी असताना नको.

लेथ_मास्तर

हेडचं काम माझ्याकडे रोज येतं म्हणून सांगतो, निम्म्या वेळा हेड उगाच उतरवलेलं असतं. गॅस्केट गेलं की काही खुणा असतात. थंड गाडी स्टार्ट केल्या केल्या, म्हणजे तापायच्या आधीच, वरचा होज दगडासारखा कडक होतो कारण सिलेंडरमधला गॅस आत शिरतो. झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू केलं तर बुडबुडे थांबतच नाहीत. प्लग काढले तर एखादाच धुऊन काढल्यासारखा स्वच्छ दिसतो. ऑइल दुधाळ नाही म्हणून गॅस्केट चांगलं असं मात्र समजू नका, पाण्याचा रस्ता सिलेंडरमध्ये फुटला तर ऑइलला काही होत नाही.

यातलं काही नसेल तर दोन टेस्ट करून घ्या. एक, रेडिएटरच्या तोंडावर हातपंप लावून थंड गाडीत झाकणावर लिहिलाय तेवढा दाब भरायचा आणि काटा उतरतो का बघत बसायचं. दुसरी निळ्या पाण्याची, रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढतात, एक्झॉस्टचा गॅस असेल तर निळ्याचं पिवळं होतं. रेडिएटरवाले करून देतात, फार पैसे लागत नाहीत. ट्रॅफिकमध्ये गरम होत नाही म्हणजे पंखा ठीक आहे, घाटातच होते म्हणजे एकतर रेडिएटर आतून चोंदलाय किंवा कूलंटच कमी आहे. तुमचा तर कमी आहेच.

घाटवेडी

अहो वाटसरू, तो काचेचा विषय वेगळा नाहीये! आतून तेलकट धुकं म्हणजे बरेचदा हीटरच्या कोअरमधून कूलंटची वाफ येते. डॅशबोर्डच्या मागे छोटा रेडिएटर असतो तो. डाव्या सीटच्या पायाखालचं मॅटिंग उचला आणि खालच्या फोममध्ये हात घाला. गोडसर वास आणि चिकट लागलं तर सापडलं. चाखून बघू नका म्हणजे झालं, आमच्या इकडचे एक काका चाखायचे, ते विष आहे, कुत्र्या-मांजरांना तर थोडंसंही पुरतं. हीटर थंड आला त्याचंही कारण हेच, पातळी खाली गेली की हीटरच्या लाइनमध्ये हवा बसते.

चिंचवडचा_वाटसरू

ताई, साष्टांग दंडवत!! मॅटिंग ओलं होतं हे माहीत होतं पण दाराचं रबर गेलंय म्हणून पावसाचं पाणी येतं असं धरून चाललो होतो. फोम उचलला तर खाली हिरवट चिकट, हात धुतला तरी बुळबुळीत. रेडिएटरवाल्याकडे जाऊन दाब भरला, काटा हळूहळू उतरत गेला, इंजिनखाली कोरडं आणि आत डॅशबोर्डखालून बारीक ठिबक. निळं पाणी निळंच राहिलं.

आता पुढचा घोळ. कोअर बदलायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, मजुरीच जास्त. रेडिएटरवाला म्हणतो हीटर बायपास करून टाकू, दहा मिनिटांचं काम.

स्पॅनरबाबा

बायपास चालतो, पण दोन्ही तोंडांना बूच मारू देऊ नका. जाणारा आणि येणारा पाइप एकमेकांना जोडायचा, काही इंजिनांमध्ये थर्मोस्टॅट बंद असताना पाणी त्याच वाटेने फिरतं. पुण्यात हीटर लागतो किती?

घाटवेडी

पुण्यात नाही लागत, पाचगणीला जानेवारीत पहाटे निघा म्हणजे कळेल. शिवाय काच साफ करायला गरम हवा लागतेच. मी असते तर आत्ता बायपास आणि दिवाळीनंतर कोअर.

लेथ_मास्तर

दोन्हीपैकी काहीही करा पण कूलंट भरताना हवा काढून घ्या, नाहीतर परत तेच. गाडीचं तोंड चढावर, झाकण उघडं, थंड गाडी चालू करायची, कोअर नवा टाकला असेल तर हीटर फुल्ल गरमवर, थर्मोस्टॅट उघडून पातळी खाली जाईल तशी भरत राहायची, बुडबुडे थांबले की झाकण. कूलंट तयार मिळाला तर तसाच, घट्ट असेल तर निम्मं बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी. बोअरचं पाणी टाकाल तर क्षार साचून रेडिएटर चोंदणार. आणि हिरव्यात लाल ओतू नका, रंगावरून जात कळत नाही पण भलतंच मिसळलं तर गाळ होतो, त्यापेक्षा सगळं काढून एकच भरा.

चिंचवडचा_वाटसरू

झाकण नवं टाकलं, बायपास करतोय. हीटरचे जुने पाइप तेच ठेवू की बदलू?

स्पॅनरबाबा

बदला. क्लिपा पण.