अंगावर आलेल्या एकांकिका : तुमचे अनुभव लिहा

खिडकीपाशी
रविवारी भाचीच्या ग्रुपची नवीन एकांकिका बघून आले. पस्तीस-चाळीस मिनिटांची. अंथरुणाला खिळलेली सासू, सून, एक खाट, औषधाची बाटली. सून इतकी गोड बोलते की आपल्याला वाटतं, नशीबवान आहे म्हातारी. प्रत्येक वेळी औषध द्यायच्या आधी ती बाटली उजेडाकडे धरून बघते. तिसऱ्या वेळेला माझ्या लक्षात आलं, बाटलीतलं औषध कमीच होत नाहीये! त्याबद्दल अख्ख्या एकांकिकेत एक शब्द नाही. शेजारच्या काकांना शेवटपर्यंत कळलं नाही, ते "छान सेवा करते हो" म्हणत उठले.

घरी येताना १९९६ आठवलं. सेकंड इयर, पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेची प्राथमिक फेरी, पुण्याचं भरत नाट्य मंदिर. आमची भुताची एकांकिका होती आणि माझं काम विंगेत बसून पाटा वाटायचं. कॅसेटवर रेकॉर्ड केलेला आवाज खोटा वाटत होता म्हणून घरचा पाटा-वरवंटा रिक्षात घालून नेला. पाट्यावर काही घ्यायचं नाही, नुसता दगडावर दगड. आमच्या आधी 'आवाज कुणाचा' अशा कॉलेजच्या घोषणा करून थिएटर डोक्यावर घेतलेलं पब्लिक, पण तो आवाज सुरू झाल्यावर चिडीचूप. प्रयोगानंतर कोणाची तरी आजी विंगेत आली. पाट्याकडे बघत म्हणाली, "माझी सासू रात्री असाच रिकामा पाटा वाटायची. मुलगा गेल्यावर." आणि गेली. आम्ही नारळ वाढवायचा विसरलो होतो ते त्यानंतर आठवलं.

अंतिम फेरीत गेलो नाही. ते जाऊ दे. तुमचे सांगा.

कल्याण_लोकल
पाटा रिक्षात 😂😂 आईने काय केलं?

खिडकीपाशी
मिक्सरवर चटणी केली आणि आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

डिमरवाला
लाइटवाल्याच्या बाजूने दोन शब्द. काळोख म्हणजे सगळे दिवे बंद असं नवीन पोरांना वाटतं. तसं होत नाही. दाराच्या वरचा हिरवा दिवा असतो, विंगेतली फट असते, आता तर तिसऱ्या रांगेत कोणीतरी मोबाइल बघतच असतो. मग करायचं काय, ब्लॅकआऊटच्या आधी दहा सेकंद लाइट हळूहळू चढवायचा. कोणाला कळणार नाही इतका हळू. डोळे उजेडाला सरावले की एकदम कट. मग जो काळोख पडतो तो खरा. दोन-तीन सेकंद लोकांना स्वतःचा हात दिसत नाही. आमचे गुरुजी तर दिवे कमी-जास्त करायच्या मिठाच्या पाण्याच्या डिमरवर काम केलेले, पिंपात मीठ, पाण्यात वायरी. त्यांचं म्हणणं, खरी भीती ऑपरेटरलाच वाटायची, शॉक बसेल म्हणून.

मैना_परळ
धागा मस्त. कुकर लावलाय म्हणून पटकन लिहिते.
रक्ताची कृती: साखरेचा घट्ट पाक, खायचा लाल रंग, चमचाभर कोको. कोको विसरलात तर सरबत दिसतं. आमच्या एकांकिकेत पडदा उघडतो तेव्हा प्रेत पडलेलं आणि वीस मिनिटं ते तसंच. स्पर्धा दुपारची, आम्ही सकाळीच मेकअप करून ठेवलेला. मुंग्या!!! बिचारा हलला नाही. एकदा फक्त गाल थरथरला. परीक्षक नंतर खाली भेटले तेव्हा म्हणाले, प्रेताचं काम सगळ्यात चांगलं झालं. मी खुनी होते. माझ्याबद्दल काही बोलले नाहीत.

कल्याण_लोकल
प्रेताला बक्षीस मिळालं का

मैना_परळ
कॅलॅमाइन मिळालं.

सातवी_रांग
सवाई एकांकिका स्पर्धेबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? २५ जानेवारीची रात्र, वर्षभर इतर स्पर्धा जिंकलेल्या एकांकिका, उजाडेपर्यंत. शाल, थर्मास, पारले जी. विनोदी एकांकिका साडेदहाला कुठेही चालते हो. पण पहाटे साडेतीनला अर्धं थिएटर पेंगत असताना एखादी काळीकुट्ट एकांकिका सुरू झाली की त्यासारखं काही नाही. आपण धड जागे नसतो, त्यामुळे बचाव करता येत नाही. एका वर्षी एक बाई रंगमंचावर नुसती कपड्यांच्या घड्या घालत होती. लहान मुलाचे कपडे. एकेक घडी घालून परत मोडायची. मी झोपेतून दचकून जागी झाले ती याच दृश्याला, मागचं काही माहीत नाही, आणि तरी रडायला लागले. सकाळी बाहेर पडलो तर शेजारच्या सोसायटीत झेंडावंदनाचा लाउडस्पीकर चालू. इतकं बरं वाटलं त्या कर्कश आवाजाने!

तळकोकणी
एकांकिका नाय, पण आमच्याकडे दशावतारात आख्यान सुरू व्हायच्या आधी संकासूर येतो. काळा वेष, टोकदार टोपी, बाहेर लोंबणारी लाल जीभ. मी पाच वर्षांचा असेन, आजीच्या पदरात तोंड. दुसऱ्या दिवशी तोच माणूस एसटी स्टँडवर चहा पिताना दिसला तेव्हा जास्त घाबरलो, कारण आता जीभ आत होती.

खिडकीपाशी
@तळकोकणी, मी ऑफिसात मोठ्याने हसले. बॉस बघतोय.

जुना_खोलीवाला
मी जरा गंभीर लिहितो. १९८९ मध्ये आम्ही गॅदरिंगला महेश एलकुंचवारांची 'होळी' ही एकांकिका केली. माहीत असेलच, होळीची सुट्टी नाकारलेली पोरं, त्यांनी छळलेला एक मुलगा, त्याची आत्महत्या. मी छळणाऱ्यांपैकी होतो. तालमीत आम्ही फार हसायचो. शिव्या जास्तच घालायचो. सर म्हणाले, हसू येतंय ना, तसंच करा, थांबवू नका. प्रयोगात प्रेक्षकही हसत होते, शिट्ट्या वगैरे. आणि एका क्षणी त्यांचं थांबलं आणि आमचं चालूच राहिलं. तो क्षण मी विसरलेलो नाही. शेवटी टाळ्या नाहीत. आमच्या होस्टेलवर एक मुलगा होता, त्याला सगळे चिडवायचे. तीन दिवस कोणी चिडवलं नाही. चौथ्या दिवशी परत सुरू. मीही होतो.

मैना_परळ
🙏

टोमणे_काका
आताच्या पोरांना असलं लिहिता येत नाही. उगाच नाही २०२२ ला परीक्षकांनी पुरुषोत्तम करंडक कोणालाच दिला नाही.

भाची_पक्ष
काका, हे वाक्य मी १९९६ मध्येही ऐकलंय, शब्दन् शब्द. करंडक न देणं परीक्षकांच्या हातात आहे, मान्य. पण एका वर्षावरून सगळ्यांना झोडपायचं? वर सुरुवातीलाच औषधाच्या बाटलीची एकांकिका आहे, ती आताच्याच पोरांची. तक्रार करायचीच तर माझी वेगळी आहे. दर दुसऱ्या एकांकिकेत वरून दोर लोंबतो. दोर दिसला की मी घड्याळ बघते. आणि 'ते सगळं तिच्या मनात होतं' हा शेवट कृपया पाच वर्षं बंद ठेवा.

टोमणे_काका
दोराशी सहमत. बाकी तुमचं चालू द्या.

सीन_नदीकाठी
नोकरीनिमित्त पॅरिसला असतो. इथे ग्राँ गिन्योल नावाचं भयनाट्यांचं थिएटर होतं, १८९७ ते १९६२. मुळात चॅपेल, जेमतेम तीनशे खुर्च्या. एका संध्याकाळी चार-पाच छोटी नाटकं, एक भयानक, एक प्रहसन, परत भयानक. हसवून सैल केलं की पुढचा घाव नीट बसतो, होळीवाल्यांच्या सरांनी ओळखलेलंच. गल्ली शोधत गेलो. वास्तू आहे, आता तिथे फ्रेंच सांकेतिक भाषेतली नाटकं होतात. एक बघितलं. आवाज नाही, पार्श्वसंगीत नाही, भीतीच्या प्रसंगात नटीचे हात फक्त थांबले. माझ्या बायकोने माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली.

डिमरवाला
वा. हात थांबले. हे चोरणार.

सातवी_रांग
अवांतर: भरतला आता नाटकाआधी खायला काय चांगलं मिळतं जवळपास? शनिवारी जातेय.

टोमणे_काका
घरून खाऊन या. भयनाट्य पोटभर जेवून बघू नये पण.

सातवी_रांग
मग नेमकं काय करू 😄

कल्याण_लोकल
मुद्द्याचं राहिलंच. तो पाटा आहे का अजून?

खिडकीपाशी
आहे ना. गॅलरीत, त्याच्यावर मोगऱ्याची कुंडी. बाटलीवाल्या भाचीला ही गोष्ट सांगितली तर आता तिला तो पुढच्या एकांकिकेला हवाय. म्हटलं ने, पण टेम्पो तू ठरव आणि आजीला तूच विचार.

मैना_परळ
आजी काय म्हणाल्या?

खिडकीपाशी
"आधी टाकी लावून आण. गुळगुळीत झालाय, आवाज येणार नाही."